जी.डी. आर्टवर एमएफए होतं का? तासगाव-सांगली भागातून, काम चालू ठेवून

रेघोटी, तासगाव

नमस्कार मंडळी. शिक्षण जी.डी. आर्ट, रेखा व रंगकला. वय ३८. सध्या तैलरंगातली व्यक्तिचित्रं ऑर्डरवर करते आणि घरी एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांचे क्लास चालतात. एमएफए, म्हणजे ललित कलेतलं पदव्युत्तर शिक्षण, करायचा विचार पक्का होतोय, पण चौकशी केली की प्रत्येकजण वेगळं सांगतो. कुणी म्हणतं डिप्लोमावर एमएफए होतच नाही, कुणी म्हणतं बडोद्याला काम बघून घेतात. क्लास पूर्ण बंद करणं परवडणार नाही. पोर्टफोलिओत ऑर्डरची पोर्ट्रेट टाकावीत का? या वयात शिष्यवृत्ती मिळते का? ज्यांना आतलं माहीत आहे त्यांनीच सांगा, नुसतं 'शुभेच्छा ताई' नको.

अजिंक्यतारा, सातारा

ताई, आधी कागद, मग रंग. जी.डी. आर्ट हा कला संचालनालयाचा शासकीय डिप्लोमा आहे, विद्यापीठाची पदवी नव्हे. एमएफए किंवा एमव्हीएच्या (काही ठिकाणी त्याच पदवीचं हे नाव) पात्रतेत 'बीएफए (ललित कलेची पदवी) किंवा समकक्ष' असं छापलेलं असतं आणि त्या 'समकक्ष'पाशीच घोडं पेंड खातं. काही विद्यापीठं हा डिप्लोमा धरतात, काही धरत नाहीत. त्याहून वाईट म्हणजे कॉलेज तात्पुरता प्रवेश देतं, फी भरून घेतं आणि विद्यापीठाचा पात्रता विभाग सहा महिन्यांनी त्रुटी काढतो. मग निकाल राखून ठेवला जातो. म्हणून फोनवरच्या होकाराला काही किंमत नाही. दहावी, बारावी, फाउंडेशन (डिप्लोमाआधीचं पायाभूत वर्ष) आणि पुढच्या सगळ्या वर्षांच्या गुणपत्रिका, डिप्लोमाचं प्रमाणपत्र एवढं स्कॅन करून पात्रता विभागालाच ई-मेल करा आणि एकच प्रश्न विचारा: या शिक्षणावर या अभ्यासक्रमाला कायम पात्रता मिळेल का? उत्तर लेखी आलं की प्रिंट काढून फाइलला लावा.

फाउंडेशनला तुम्ही दहावीवर गेलात की बारावीवर, हे फार महत्त्वाचं. बारावीवर गेला असाल तर पुढची वर्षं पदवीच्या बरोबरीने मोजा असं म्हणायला जागा राहते. दहावीवर गेला असाल आणि बारावी केलीच नसेल, तर बहुतेक ठिकाणी दार बंद समजा. अशा वेळी आधी पदवी करणं हाच सरळ रस्ता.

कुणी सांगेल की आता मास्टर्सची गरजच नाही, थेट पीएचडी होते. ते अर्धं खरं आहे. यूजीसीच्या २०२२च्या नियमांनुसार चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के असतील तर पीएचडीच्या प्रवेशप्रक्रियेत बसता येतं, पण ते पदवीला लागू आहे. कॉलेजात शिकवायचं मनात असेल तर नेटसाठी, म्हणजे प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षेसाठी, मास्टर्सला ५५ टक्के लागतात, राखीव प्रवर्गाला ५०. विषय व्हिज्युअल आर्ट, कोड ७९. पहिला पेपर ५० प्रश्न, दुसरा १००, दोन्ही मिळून तीन तास. दुसऱ्या पेपरात रेखा-रंगकलेबरोबर शिल्प, मुद्राचित्रण, उपयोजित कला, कलेतिहास सगळं येतं. नुसता ब्रश चांगला असून भागत नाही.

आणखी एक, बायकांच्या बाबतीत हमखास अडतं ते. डिप्लोमावर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं असेल तर राजपत्रातली नावबदलाची नोंद आणि विवाह नोंदणी प्रमाणपत्र आत्ताच हाताशी ठेवा. शिक्षणात खंड पडल्याचं प्रतिज्ञापत्रही मागतात. ऐन प्रवेशात सेतू केंद्रासमोर रांग असते.

मिरज_कॅनव्हास

कागदाचं वर आलंच. मी वेळ आणि जागेबद्दल लिहितो.

सांगलीत कलाविश्व आहे, कोल्हापुरात दळवीज आणि कलानिकेतन आहेत, पण आपल्या भागातल्या या संस्थांची ओळख मुख्यतः डिप्लोमाच्या शिक्षणासाठी. पदव्युत्तरसाठी पुणे, मुंबई किंवा बडोदा धरून चाला. मुंबईत जे.जे. आहे, २०२३ पासून ते अभिमत विद्यापीठ झालंय, त्यामुळे प्रवेशाचे जुने नियम कुणी सांगितले तर ऐकू नका, चालू वर्षाचं माहितीपत्रकच वाचा. पुण्यात भारती विद्यापीठाचं ललित कला महाविद्यालय. बडोद्याची ललित कला विद्याशाखा १९५० ची, तिथे पदवीचं नाव एमव्हीए. हैदराबाद केंद्रीय विद्यापीठ आणि शांतिनिकेतनचं कलाभवनही विचारात घ्या, भाषेची भीती बाळगू नका.

हे सगळे पूर्णवेळ, दोन वर्षांचे अभ्यासक्रम. हजेरी साधारण ७५ टक्के लागते. साताऱ्याचा माणूस एखाद वेळ म्हणेल की पुणे ११० किलोमीटर, जाऊन-येऊन करतो. करता येतं, पण त्यात चूक अशी होते की तास ऐकले जातात आणि स्टुडिओ सुटतो. मास्टर्समधलं खरं शिक्षण दुपारनंतर चालतं, शेजारच्या इझलवर कुणीतरी तुमच्याशी वाद घालतो तेव्हा. तासगावहून तर रोजचं शक्यच नाही. क्लास टिकवायचे असतील तर ते शनिवार-रविवारी आणा आणि ग्रेड परीक्षेआधीच्या दोन महिन्यांपुरती एखादी माजी विद्यार्थिनी मदतीला घ्या. परदेशात काही विद्यापीठांत लो-रेसिडेन्सी एमएफए असते, म्हणजे उन्हाळ्यात काही आठवडे तिथे जायचं आणि बाकीचं वर्ष आपापल्या स्टुडिओत काम. नोकरी-धंदा असलेल्या चित्रकारासाठी ती रचनाच केलेली आहे, पण फी डॉलरमध्ये असते.

एक स्पष्ट बोलतो, राग मानू नका. मास्टर्समधून तीन वेगवेगळ्या गोष्टी मिळतात: कामावर रोखठोक चर्चा, छपाईचा प्रेस किंवा ओतकामाची भट्टी असली घरी न परवडणारी साधनं, आणि प्रमाणपत्र. तुम्हाला यातलं नेमकं काय हवंय ते ठरवा. प्रमाणपत्र हवं असेल तर जवळचं आणि स्वस्त बघा. प्रेस हवा असेल तर बडोदा. चर्चा हवी असेल तर कॉलेजच्या नावापेक्षा सध्या तिथे कोण शिकवतं ते बघा, आणि वार्षिक प्रदर्शनाला जाऊन या. सगळ्यांची कामं एकसारखी दिसत असतील तर तिथून परत फिरा.

उत्तरखिडकी, कराड

पोर्टफोलिओ. ऑर्डरची पोर्ट्रेट जास्तीत जास्त दोन टाका, तीही हात दिसावा म्हणून. निवड समितीला तुमचा हात पाच मिनिटांत कळतो, त्यांना बघायचं असतं ते डोकं. फोटोवरून केलेलं, हार घातलेल्या आजोबांचं चित्र कितीही साधलेलं असलं तरी त्यात तुमचा निर्णय कुठला, असं विचारतात. त्यापेक्षा गेल्या दोन-तीन वर्षांतली, एकाच धाग्याची १५ ते २० कामं. कॉलेजच्या काळातली स्टिललाइफ काढून टाका. स्केचबुकची चार-पाच पानं मात्र जरूर घाला, न सुधारता. बहुतेक ठिकाणी वर एक प्रात्यक्षिक परीक्षाही असते, रेखाटन आणि रचनेची. त्यामुळे रोजचं मॉडेलवरून रेखाटन सुटलं असेल तर आजच सुरू करा.

चांगली कामं फोटोपायी मार खातात, म्हणून हे नीट वाचा.

तैलचित्राचा फोटो घरात ट्यूबलाइटखाली काढू नका, फ्लॅश तर नकोच. सकाळी नऊच्या सुमारास पडवीत, उन्हाबाहेर, मोकळ्या आकाशाचा उजेड येईल तिथे चित्र भिंतीला सरळ उभं करा. टेकवून तिरकं ठेवलंत तर मोबाइलही तितकाच तिरका धरावा लागतो, आणि तो अंदाज चुकतो. मग चौकोनाचा समलंब होतो आणि नंतर क्रॉप करताना चित्राची कड जाते. लेन्सचा मध्य आणि चित्राचा मध्य एकाच उंचीवर. मोबाइल असेल तर मागे सरका आणि दोनपट झूमची लेन्स वापरा. रुंद लेन्सने जवळून काढलं की कडा फुगतात. कॅमेरा असेल तर ५० मिमी किंवा पुढची लेन्स, आयएसओ १००, एफ ८, तिवई आणि दोन सेकंदांचा टायमर.

गडद रंगावर चमक येते ती तुमच्या मागच्या उजळ भिंतीची किंवा पांढऱ्या शर्टाची. काळी चादर मागे बांधा, गडद कपडे घाला, निम्मी चमक तिथेच जाते. उरलेली पोलरायझर या चमक कापणाऱ्या फिल्टरने. वॉर्निश करायचं राहिलं असेल तर फोटो वॉर्निशच्या आधी काढा. जलरंग काचेत असेल तर काच काढाच.

चार-पाच फुटी कॅनव्हासचा एक कोपरा कायम अंधारा येतो. पांढरा कागद चारही कोपऱ्यांवर धरून एकेक फोटो काढून बघा, कागद सगळीकडे सारखा पांढरा दिसला पाहिजे. रंगासाठी एका फोटोत करडं कार्ड ठेवा आणि त्यावरून व्हाइट बॅलन्स लावा. नाहीतर आपल्याकडच्या तांबूस भिंतींचा रंग चित्रात उतरतो आणि कातडीचे टोन सगळे भाजल्यासारखे दिसतात.

फाइल एसआरजीबी (स्क्रीनसाठीची नेहमीची रंगपद्धत), जेपीईजी, लांब बाजू २००० पिक्सेलच्या आसपास, बाकी संस्थेची मर्यादा असेल तशी. नावात क्रमांक, आडनाव, वर्ष. चित्राखाली शीर्षक, माध्यम, आकार आणि वर्ष. आकार सेंटिमीटरमध्ये, आधी उंची मग रुंदी. हे उलटं लिहिलेलं असलं की उभं चित्र आडवं असल्याचा समज होतो आणि मुलाखतीत पहिला प्रश्न तिथेच वाया जातो.

रेघोटी, तासगाव

सगळ्यांचे आभार. बारावीनंतरच फाउंडेशन आहे, त्यामुळे आशा आहे. आता अर्जासोबत आपल्या कामाबद्दल लिहून द्यायच्या निवेदनाचं. विषय 'कृष्णेचा महापूर आणि मानवी वेदना' असा घेतलाय, पुरातला गाळ रंग म्हणून वापरायचा विचार आहे. चालेल का?

उत्तरखिडकी, कराड

विषय चालेल, शीर्षक नाही. 'मानवी वेदना' प्रत्येक तिसऱ्या अर्जात असते.

आयर्विन_खालचा, सांगली

ताई, महापूर सगळ्यांनीच पाहिलाय, त्यामुळे तो विषय म्हणून फार मोठा आहे. त्यातली एक मोजता येण्याजोगी गोष्ट धरा. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. गावभागात भिंतींवर पाण्याच्या रेषा राहिल्या, कुणी रंग मारून झाकल्या, कुणी तारीख लिहून ठेवली. 'भिंतीवरची रेषा, ती कोण ठेवतं आणि कोण पुसतं' एवढ्यावर दोन वर्षं सहज काम होईल. निवेदन ५०० शब्दांच्या आत ठेवा: पहिल्या परिच्छेदात काय करताय, दुसऱ्यात कशावर आणि कशाने, तिसऱ्यात त्याच संस्थेतलं काय लागणार आहे. बालपणीची आवड, आईवडिलांचं प्रोत्साहन, हे सगळं गाळा.

आता खरा गाळ. मुलाखतीत विचारतील की अंबर या तपकिरी मातकट रंगाची ट्यूब असताना चिखल कशाला. उत्तर पदार्थातून आलं पाहिजे, म्हणून आधी तो हाताळा. आपली काळी माती बेसाल्टची, तिच्यात पाणी पिऊन फुगणारी चिकणमाती असते. वाळताना ती आकसते आणि शेतात उन्हाळ्यात पडतात तशा भेगा रंगाच्या थरातही पडतात. तुम्हाला भेगा हव्या असतील तर प्रश्न नाही, नको असतील तर असं करा.

वाळलेली ढेकळं कुटून बादलीत पाचपट पाण्यात रात्रभर भिजवा. ढवळा, एक मिनिट थांबा, वाळू आणि खडे तळाला बसतील. वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओता. ते न हलवता ठेवा, वरचं नितळ पाणी टाका. चिकणमाती फार बारीक असते, बसायला दोन-तीन दिवसही घेते, घाई करून ओतलंत तर सगळ्यात चांगला भाग मोरीत जातो. हे तीनदा. पुराच्या गाळात गटाराचं पाणी आणि कुजलेला पाला असतो, हातमोजे घाला. वाळवलेली पूड जुन्या तव्यावर घराबाहेर, वास थांबेपर्यंत भाजा. नाहीतर पावसाळ्यात चित्रावर बुरशी येते. जास्त भाजली तर तांबूस होते, तीही छटा वेगळी काढून ठेवा.

बांधायला बाभळीचा डिंक: एक भाग डिंक, दोन भाग गरम पाणी, रात्रभर मुरवून कापडातून गाळा. त्यात थोडा मध आणि लवंगतेलाचे एक-दोन थेंब. पूड आणि डिंकपाणी सारखं घेऊन काचेवर घोटा आणि कागदाच्या तुकड्यावर लावून वाळू द्या. बोटाला रंग लागला तर डिंक कमी आहे. वर चमक येऊन पापुद्रा सुटला तर डिंक जास्त. भेगा तरीही येत असतील तर चॉक पावडर पाव भाग मिसळा आणि थर पातळ ठेवा. ताणलेल्या कॅनव्हासवर हे टिकत नाही, कापड हललं की गळतं. जाड कागद लाकडी पाटीवर चिकटवून त्यावरच करा. प्रत्येक चाचणी तुकड्यामागे जागा, तारीख आणि प्रमाण लिहा. हेच तुकडे पोर्टफोलिओत एका पानावर टाकलेत तर चार पोर्ट्रेटपेक्षा जास्त बोलतील.

यमाईचा_डोंगर, औंध

सगळे एमएफए धरूनच बोलताय, म्हणून विरोधी मत. प्रवेश नाही मिळाला किंवा परवडलं नाही तर काम थांबत नाही. चित्रकार सुधीर पटवर्धन रेडिऑलॉजिस्ट, कुठल्याही कलाशाळेची पदवी नाही. चित्रकार भूपेन खख्खर चार्टर्ड अकाउंटंट होते आणि बडोद्याला गेले ते कलासमीक्षा शिकायला. हे सगळ्यांना जमेल असं नाही, पण एमएफए हीच पायरी असं नाही.

पैशांचं: केंद्र सरकारच्या सांस्कृतिक मंत्रालयाच्या योजनेत तरुण कलाकारांची शिष्यवृत्ती १८ ते २५ वयाला आहे, ती तुमच्यासाठी नाही. पण ज्युनियर फेलोशिप २५ ते ४० वयाला आहे, महिना १०,००० रुपये, दोन वर्षं. चाळिशीनंतर सीनियर, महिना २०,०००. वय ३८ म्हणजे ज्युनियरसाठी हातात फार काळ नाही, जाहिरातीवर लक्ष ठेवा. ही रक्कम प्रकल्पासाठी असते, कॉलेजची फी म्हणून नव्हे. भिंतीवरच्या रेषांचा प्रकल्प यात चपखल बसतो. पैसे महिन्याच्या महिन्याला हातात पडतील असं धरून खर्चाचं गणित मांडू नका, हप्ता उशिरा येतो. फीसाठी महाडीबीटी या राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर राजर्षी शाहू योजना आहे, उत्पन्न आठ लाखांच्या आत लागतं, पण संस्था आणि अभ्यासक्रम दोन्ही त्या यादीत आहेत का ते आधी पाहा. महाराष्ट्राबाहेर गेलात तर ती धरू नका.

पूर्णवेळ जमत नसेल आणि एखादी पदवी असेल तर मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाने आधुनिक-समकालीन कला आणि क्युरेशनचा (प्रदर्शनांची निवड-मांडणी) पदव्युत्तर डिप्लोमा चालवला आहे, ज्ञानप्रवाहमध्ये भारतीय सौंदर्यशास्त्राचा आहे. मिरजेहून रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस आहेच. यांतून स्टुडिओ मिळत नाही, पण वाचायची आणि लिहायची शिस्त लागते, आणि आपल्या बहुतेक चित्रकारांचं घोडं तिथेच अडतं.

प्रबंधाचा विषय शोधायला लांब जाऊ नका. औंधचं श्री भवानी चित्रसंग्रहालय बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभं केलं. ते स्वतः चित्रकार. तिथे रविवर्मा, धुरंधर आहेत आणि इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचं आई-मुलाचं दगडातलं शिल्पही. मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यातली भित्तिचित्रं आहेत. वाईत विश्वकोशाचं कार्यालय आहे. फोटो आणि मोजमाप घेण्याची परवानगी मात्र लेखी अर्जाने, आधी.

रेघोटी, तासगाव

शेवटचं विचारते. मुलाखतीला मूळ कामं न्यायला सांगितली तर? तीन बाय चारचे कॅनव्हास आहेत.

मिरज_कॅनव्हास

सगळे नेऊ नका, तीन पुरेत. कोल्हापूर-अहमदाबाद गाडी मिरजेवरून आठवड्यातून एकदा आहे, बडोद्याला थेट जाते, तारीख आली की आधी तिकीट बघा. चौकटीसकट डब्यात मावणार नाहीत, म्हणून कॅनव्हास चौकटीवरून उतरवून गुंडाळा. रंगाची बाजू बाहेर ठेवून गुंडाळायचं, आत नाही. आत गेली तर रंग दाबला जातो आणि उलगडल्यावर सुरकुतीसारख्या घड्या राहतात. बाहेर असली तर फक्त ताणला जातो आणि सपाट केल्यावर परत बसतो. किमान सहा इंची पीव्हीसी पाइप घ्या, दोन इंची नळीवर गुंडाळलं की रंग तडकतो. मध्ये बटर पेपर, वर्तमानपत्र नको, शाई उतरते. बबल रॅप थेट रंगाला लावू नका, उन्हाळ्यात गोल-गोल ठसे उठतात. जाड थराची कामं आणि सहा महिन्यांच्या आतलं तैलचित्र गुंडाळूच नका, वरून कोरडं वाटलं तरी आत ओलं असतं. गाळाची कामं पाटीवरच राहू द्या, दोन पाट्यांच्या चार कोपऱ्यांत पुठ्ठ्याचे तुकडे ठेवून बांधा, म्हणजे पृष्ठभाग एकमेकांना घासणार नाहीत. आणि स्टेपल गन सोबत घ्या, तिथे पोचल्यावर ऐनवेळी मिळत नाही.